रस्त्यांची नावे, भगिनी शहरे आणि सरकारी नियम

आपल्या न्यासाच्या सभासदांची पत्त्यांची वही उघडली तर भोपाळच्या नामकरणाचा सगळा इतिहास तीत ओळीने सापडतो. कोणी चार इमलीत राहतात, कोणी शिवाजीनगरात, कोणी तुलसीनगरात, कोणी अरेरा कॉलनीत, कोणी तात्या टोपे नगरात. आणि दोन-चार जुनी घरे बुधवाऱ्यात व जहांगीराबादेत आहेत. यांतले एकेक नाव वेगळ्या हाताने पडलेले आहे. चार इमली म्हणजे चार चिंचा. तेथे आज सरकारी अधिकाऱ्यांचे बंगले आहेत. पण एखाद्या समितीने बैठक भरवून, टिप्पणी लिहून, 'चार चिंचा' असे नाव सुचविले असेल हे संभवत नाही. वाटसरूने खूण म्हणून सांगितले, दुसऱ्याने ऐकले, आणि पुढे ते सरकारी कागदावर जाऊन बसले, अशीच त्याची जात दिसते.

जुन्या शहरात इतवारा, सोमवारा, मंगलवारा, बुधवारा आणि जुमेराती आहेत. पुण्याच्या पाहुण्यास ही नावे सांगितली की सोमवार, मंगळवार, बुधवार, रविवार या आपल्या पेठा त्यास आठवतात. जुमेरात म्हणजे गुरुवार, एवढे सांगितले की पाहुणा आणखी खूश होतो. राज्यकर्त्यांच्या नावांची वस्ती निराळी. भोपाळवर १८१९ पासून १९२६ पर्यंत एकामागून एक चार बेगमांनी राज्य केले. त्यांपैकी शहाजहान बेगमेचे शहाजहानाबाद आणि सुलतानजहान बेगमेचा सुलतानिया रोड. शेवटचे नवाब हमीदुल्ला खान यांचे नाव हमीदिया रोडवर व इस्पितळावर आहे.

मग १ नोव्हेंबर १९५६ उजाडला. नागपूरची राजधानी मोडली, विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले, आणि नव्या मध्यप्रदेशाचे सचिवालय भोपाळास आले. त्यासोबत नागपूरचे कारकून, अधीक्षक, लघुलेखक आपापल्या पेट्या व वळकट्या घेऊन येथे उतरले. ग्वाल्हेर व इंदूरचेही पुष्कळ आले. आपल्या न्यासाची बरीचशी कुटुंबे त्याच लोंढ्यातली. त्यांच्यासाठी घरे इतक्या घाईने बांधली गेली की नाव शोधण्यास कोणास फुरसत नव्हती. म्हणून आकडेच नावे झाले : अकराशे क्वार्टर्स, साडेबाराशे, पंचेचाळीस बंगले, चौऱ्याहत्तर बंगले. बसच्या थांब्यांना क्रमांक होते, तर पाच नंबर, सहा नंबर, सात नंबर अशा वस्त्याच झाल्या, आणि दोन थांब्यांच्या मध्ये एक थांबा करावा लागला तेव्हा त्याचे नाव साडेसहा नंबर पडले. सरकारी रुग्णालयास जयप्रकाशांचे नाव आहे. रिक्षावाल्यास मात्र 'साढ़े बारह सौ' म्हटल्याशिवाय कळत नाही.

एवढे सगळे सांगण्याचे कारण असे की, महोत्सवाच्या तयारीत सभासदांकडून दोन सूचना आल्या आहेत. एक, न्यासाच्या कार्यालयापुढून जाणाऱ्या रस्त्यास संस्थापकांचे नाव देवविण्याची. दुसरी, परदेशी स्थायिक झालेल्या आपल्या मुलामुलींच्या ओळखीने एखाद्या परदेशी शहराशी भोपाळचे 'भगिनी शहर' म्हणून नाते जुळवून आणण्याची. दोन्हींबद्दल उत्साह आहे आणि दोन्हींबद्दल गैरसमजही आहेत. नियम काय आहेत ते लिहून द्यावे असे विश्वस्तांनी आम्हांस सांगितले. शिक्षकास वेळच वेळ असतो असा सर्वत्र समज आहे. असो.

पहिला प्रश्न नावाचा नसून मालकीचा आहे : रस्ता कोणाचा? रस्त्यांना नावे देणे व घरांना क्रमांक देणे हे काम महापालिकेचे, असे आपल्याकडील कायदे फार पूर्वीपासून सांगत आले आहेत. मुंबईच्या १८८८ च्या महापालिका कायद्यात आयुक्ताने पालिकेच्या मंजुरीने रस्त्याचे नाव ठरवावे, त्याची पाटी इमारतीच्या दर्शनी भागावर लावावी, आणि ती पाटी कोणी काढू वा विद्रूप करू नये, अशी तरतूद आहे. मध्यप्रदेशचा महापालिका कायदा १९५६ चा. त्याचाही रोख तोच. पण ही सत्ता पालिकेकडे असलेल्या सार्वजनिक रस्त्यांपुरती. भोपाळात रस्त्यांचे धनी अनेक. काही पालिकेचे, काही सार्वजनिक बांधकाम खात्याचे, काही विकास प्राधिकरणाच्या वसाहतीतले, आणि काही खासगी वसाहतीतले, जे अद्याप कोणाच्याच ताब्यात दिलेले नाहीत. राजधानीच्या भागातले पुष्कळसे रस्ते व बागा राजधानी परियोजना प्रशासनाकडे असत. ते खाते २०२२ साली बंद करण्यात आले आणि त्याची कामे इतर खात्यांत वाटली गेली. म्हणून अर्ज लिहिण्याआधी प्रभागाच्या अभियंत्याकडून 'हा रस्ता अमुक खात्याच्या ताब्यात आहे' एवढे एका ओळीचे उत्तर लेखी घ्यावे. ही एक ओळ मिळविण्यास जेवढे हेलपाटे पडतात तेवढे पुढच्या सगळ्या कामास पडत नाहीत, असे जाणते सांगतात.

रस्ता पालिकेचा ठरला तर साधारण वाट अशी : प्रभागाच्या पार्षदामार्फत प्रस्ताव, महापौर परिषदेपुढे विचार, मग पालिकेच्या सभेत ठराव. पुणे महापालिकेत यासाठी स्वतंत्र 'नाव समिती'च आहे, आणि तीपुढे येणाऱ्या प्रस्तावांची गर्दी पाहता ती रिकामी बसत नसावी. प्रस्तावात ज्यांचे नाव द्यावयाचे त्यांचा परिचय, त्यांचा त्या जागेशी संबंध, रस्ता कोठून कोठपर्यंत त्याचा नकाशा, आणि रहिवाशांची संमती जोडावी. हयात व्यक्तीचे नाव देऊ नये हा पुष्कळ ठिकाणचा संकेत आहे व तो शहाणपणाचा आहे.

आता केंद्र सरकारचे म्हणणे. गृह मंत्रालयाने सप्टेंबर १९५३ मध्ये राज्यांस एक पत्र पाठविले. ते गावे, शहरे व रेल्वे स्थानके यांच्या नावांसंबंधी होते. त्याचा आशय असा की, इतिहासाशी निगडित नावे शक्यतो बदलू नयेत. केवळ स्थानिक अभिमानापोटी किंवा भाषिक कारणासाठी बदल करू नये. राष्ट्रीय नेत्यांविषयी आदर दाखवावयाचा एवढ्याचसाठी गावाचे नाव पालटू नये. आणि नवे नाव घेताना त्याच नावाचे दुसरे गाव जवळपास नाही याची खात्री करावी. गावाचे नाव बदलण्याचा प्रस्ताव राज्याकडून दिल्लीस गेला म्हणजे रेल्वे, टपाल खाते, भारतीय सर्वेक्षण विभाग अशांची हरकत नाही ना, हे पाहिले जाते. खुद्द राज्याचे नाव बदलावयाचे तर राज्यघटनेच्या तिसऱ्या अनुच्छेदाप्रमाणे संसदेने कायदा करावा लागतो.

रस्त्यांसंबंधी गृह मंत्रालयाच्या सूचना सप्टेंबर १९७५ च्या. त्यांत स्पष्ट म्हटले आहे की, रस्त्यांची नावे बदलल्याने टपाल खात्याचा व लोकांचा घोटाळा तर होतोच, शिवाय लोकांची इतिहासाची जाणीवही हिरावली जाते. यास्तव चालू नावे बदलू नयेत. नवे रस्ते व ज्यांस नावच नाही असे रस्ते यांस थोर व्यक्तींची नावे द्यावीत. आणि एखाद्याचा गौरव करावयाचा असेल तर संस्थेसही त्याचे नाव देता येते.

हे वाचून एखादा सभासद विचारील, मग इतकी नावे बदलतात ती कशी? उत्तर सोपे आहे. या सूचना आहेत, कायदा नव्हे. स्थानिक संस्था हा विषय घटनेच्या राज्यसूचीत आहे, आणि पालिकेने ठराव केला तर १९७५ चे परिपत्रक आडवे पडत नाही. खुद्द दिल्लीत, गृह मंत्रालयापासून हाकेच्या अंतरावर, नवी दिल्ली नगरपालिकेने ऑगस्ट २०१५ मध्ये औरंगजेब रोडचे नाव डॉ. अब्दुल कलाम रोड केले. कलाम साहेबांविषयी कोणाच्या मनात अनादर असणार? त्यांचे नाव एखाद्या नव्या रस्त्यास दिले असते तर परिपत्रकही पाळले गेले असते व वादही झाला नसता, असे आमचे मत आहे.

लेखकाचे नाव वाचून या विषयावर आमचे मत काय असेल याचा अंदाज काही वाचकांनी बांधलाच असेल, म्हणून स्पष्ट लिहितो. भोपाळजवळचे इस्लामनगर फेब्रुवारी २०२३ मध्ये जगदीशपूर झाले. पुष्कळांस वाईट वाटले, आम्हांसही वाटले. पण इतिहास शिकवावयाचा तर पुरा शिकवावा लागतो : अठराव्या शतकाच्या आरंभी दोस्त मोहंमद खानाने ते गाव जिंकले तेव्हा त्याचे नाव जगदीशपूरच होते, आणि इस्लामनगर हे त्याने दिलेले. मग कोणते नाव खरे? आमच्या मते दोन्ही. तीनशे वर्षे जे नाव लोकांनी जन्ममृत्यूच्या कागदांवर लिहिले ते लबाडीचे म्हणता येत नाही, आणि त्याआधीचेही म्हणता येत नाही. जुन्यावर हक्क सांगून नवे पुसावयाचे ठरविले तर कोणत्या शतकावर थांबावयाचे याचा नियम कोणाजवळ नाही. सर्वोच्च न्यायालयापुढे फेब्रुवारी २०२३ मध्ये अशीच याचिका आली होती : परकी आक्रमकांची म्हणून गणलेली ठिकाणे शोधून मूळ नावे द्यावयास आयोग नेमावा. न्यायालयाने ती फेटाळली आणि देशाने भूतकाळात अडकून राहू नये अशा आशयाचे बोल सुनावले.

आपल्या घराजवळचे हबीबगंज स्थानक नोव्हेंबर २०२१ मध्ये राणी कमलापती झाले. राणी कमलापती भोपाळची गोंड राणी, तलावाकाठी तिचा महाल आहे, आणि तिचे नाव शहरात ठळक असावे यात गैर काहीच नाही. स्थानकाची इंग्रजी आद्याक्षरेसुद्धा बदलली, म्हणजे तिकिटावरचे नावही गेले. रिक्षावाले मात्र अजून 'हबीबगंज' म्हणूनच भाडे सांगतात. यात राजकारण शोधू नये. जिभेस लागलेले वळण एवढेच ते आहे.

तथापि प्रत्येक जुने नाव जपलेच पाहिजे असेही नाही, आणि येथे १९७५ च्या परिपत्रकाशी आमचा मतभेद आहे. महाराष्ट्रात गावोगाव महारवाडा, मांगवाडा, ढोर वस्ती अशी नावे होती. त्या नावाच्या पत्त्यावर राहणाऱ्या मुलाने शाळेत आपला पत्ता सांगितला की त्याची जात सांगून झाली. डिसेंबर २०२० मध्ये महाराष्ट्र शासनाने अशा वस्त्यांची व रस्त्यांची जातिवाचक नावे काढून समतानगर, भीमनगर, ज्योतीनगर, शाहूनगर, क्रांतीनगर अशी नावे देण्याचा निर्णय केला. वर्गात हजेरी घेणाऱ्यास या निर्णयाचे मोल वेगळे सांगावे लागत नाही. तेव्हा आमची कसोटी अशी की, नावामुळे तेथे राहणाऱ्याची मान खाली जात असेल तर ते जावे. केवळ दुसऱ्याचे नाव म्हणून डोळ्यांत खुपत असेल तर राहू द्यावे.

ठराव झाला, पाटी लागली, म्हणजे नाव रुळले असे नाही. मुंबईत पेडर रोडचे नाव गोपाळराव देशमुख मार्ग आहे, लॅमिंग्टन रोडचे डॉ. भडकमकर मार्ग, ग्रँट रोडचे मौलाना शौकत अली रोड. टॅक्सीत बसून यांपैकी नवे नाव सांगून पाहावे. उलट फ्लोरा फाउंटनचा हुतात्मा चौक झाला, आणि 'फाउंटन' म्हणणारे आजही असले तरी हुतात्मा चौक हे नाव कोणाही मराठी माणसास परके वाटत नाही. कारण नोव्हेंबर १९५५ मध्ये संयुक्त महाराष्ट्रासाठी माणसे पडली ती तेथेच. नावाचा त्या जागेशी संबंध असला तर लोक ते आपण होऊन उचलतात.

नावाचा आणखी एक शत्रू आहे, तो म्हणजे आद्याक्षरे. तात्या टोपे नाशिक जिल्ह्यातल्या येवल्याचे. १८ एप्रिल १८५९ रोजी शिवपुरीस त्यांना फाशी देण्यात आले. मध्यप्रदेशाच्या राजधानीत त्यांच्या नावाची वसाहत असणे किती योग्य होते! पण ती झाली टी. टी. नगर. वर्गात विचारले तर अर्ध्या मुलांस टी. टी. म्हणजे कोण ते सांगता येत नाही. एकाने रेल्वेतला तिकीट तपासनीस सांगितला. महाराणा प्रताप नगराचे एम. पी. नगर झाले आणि पुष्कळांस ते मध्यप्रदेश नगर वाटते. थोर पुरुषाचे तीन शब्दांचे नाव पाटीवर लिहिले की पुढच्या पिढीस दोन अक्षरे मिळतात, हे संस्थापकांचे संपूर्ण नाव पदव्यांसह सुचविणाऱ्या सभासदांनी ध्यानात घ्यावे.

आणि टपालाचे काय? येथे एका मराठी माणसाचे ऋण आहे, ते सांगितल्यावाचून राहवत नाही. श्रीराम भिकाजी वेलणकर हे संस्कृतचे कवी व टपाल खात्यातले अधिकारी. एकाच नावाची अनेक गावे, अनेक लिप्या, चुकीचे पत्ते यांनी पत्रांचा होणारा गोंधळ पाहून त्यांनी सहा आकड्यांच्या पिनकोडची योजना आखली, आणि १५ ऑगस्ट १९७२ पासून ती सुरू झाली. रस्त्याचे नाव कितीदा बदलले तरी आकडा जागच्या जागी राहतो. पत्र पोचते, पण आधार, वीजबिल, बँक, शिधापत्रिका, मुलांचे शाळेचे दाखले या सर्वांवर पत्ता दुरुस्त करीत बसण्याचा व्याप प्रत्येक घराच्या माथी येतो. रहिवाशांची संमती घ्यावी असे वर लिहिले त्याचे कारण हे.

आता आपल्या कार्यालयापुढचा रस्ता. कागदोपत्री त्यास नाव नाही, म्हणून १९७५ च्या सूचनांप्रमाणे तो नामकरणास पात्र आहे. तोंडी मात्र त्यास नाव आहे : सगळा मोहल्ला त्यास 'इमलीवाली गली' म्हणतो. चिंच अजून उभी आहे. संस्थापकांविषयी आमचा आदर कोणाहून कमी नाही, तरी त्या चिंचेस पाटीखाली झाकण्यापेक्षा त्याच परिपत्रकातला दुसरा मार्ग आम्हांस बरा वाटतो. भोपाळ विद्यापीठाची स्थापना १९७० ची. १९८८ साली त्यास मौलाना बरकतुल्ला यांचे नाव देण्यात आले. हे बरकतुल्ला भोपाळचेच, १९१५ साली काबूलमध्ये स्थापन झालेल्या हिंदुस्थानच्या हंगामी सरकारचे पंतप्रधान. आज त्या विद्यापीठाच्या प्रत्येक पदवीपत्रावर त्यांचे नाव छापले जाते. एखाद्या चौकाच्या पाटीने हे साधले नसते. न्यासाच्या वाचनालयास संस्थापकांचे नाव देण्यास कोणाचीही परवानगी लागत नाही. विश्वस्त मंडळाचा एक ठराव पुरे.

दुसरी सूचना भगिनी शहराची. हा शब्द आपल्याकडे इंग्रजीतून आला. इंग्लंडात त्यास जुळी शहरे म्हणतात, जर्मन लोक भागीदार शहर म्हणतात, आणि रशियन भाषेतला शब्द तर मानलेल्या भावाचा आहे. आपल्याकडच्या मानलेल्या बहिणीचेच हे नाते : रक्ताचे नाही, कायद्याचेही फारसे नाही, राखी बांधीत राहिले तर टिकते.

या प्रथेतली सर्वांत सुंदर गोष्ट युद्धातली आहे. नोव्हेंबर १९४० मध्ये जर्मन विमानांनी इंग्लंडातले कॉव्हेंट्री शहर बेचिराख केले. पुढे स्टालिनग्राडची लढाई पेटली तेव्हा कॉव्हेंट्रीच्या सुमारे आठशे बायकांनी एका मेजपोशावर आपापली नावे भरतकामाने विणली, प्रत्येकीने थोडे पैसे घातले, आणि तो मेजपोश व ती रक्कम त्या शहरास पाठविली. १९४४ मध्ये दोन्ही शहरांचे नाते जाहीर झाले. १९६१ साली स्टालिनग्राडचे व्होल्गोग्राड झाले, नाते राहिले. २०२२ मध्ये युक्रेनचे युद्ध सुरू झाल्यावर कॉव्हेंट्रीने ते स्थगित केले. मेजपोश मात्र व्होल्गोग्राडच्या संग्रहालयाचा ठेवा आहे.

मुंबईचे योकोहामाशी नाते १९६५ पासून, जर्मनीतल्या स्टुटगार्टशी १९६८ पासून, लॉस एंजेलिसशी १९७२ पासून. योकोहामाची गाठ कागदाहून जुनी आहे. १९२३ च्या भूकंपात ते शहर उद्ध्वस्त झाले तेव्हा तेथल्या हिंदी व्यापाऱ्यांस शहरवासीयांनी आधार दिला. त्याची आठवण म्हणून व्यापाऱ्यांनी पुढे तेथील यामाशिता बागेत एक पाणपोई बांधून शहरास अर्पण केली, ती आजही उभी आहे. रशियातल्या लेनिनग्राडशीही मुंबईचे असे नाते होते. १९९१ मध्ये लेनिनग्राडचे सेंट पीटर्सबर्ग झाले आणि १९९५ मध्ये बॉम्बेचे मुंबई. दोन्ही बहिणींनी नावे बदलली तरी एकमेकींस ओळखले!

तसेच औरंगाबादचे. मे २०१५ मध्ये पंतप्रधानांच्या चीन दौऱ्यात औरंगाबाद व चीनमधील दुनहुआंग यांचा करार झाला. एकीकडे अजिंठा, दुसरीकडे मोगावची लेणी, दोन्ही बौद्ध भिक्षूंच्या वाटेवरची. यापेक्षा जुळती जोडी मिळणे कठीण. पुढे २०२० मध्ये दोन्ही देशांत सीमेवर रक्त सांडले, आणि २०२३ मध्ये औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर झाले. शहरांचे नाते दिल्ली व पेकिंगच्या हवेवर किती अवलंबून असते याचा हा धडा आहे.

त्याचे कारण नियमातच आहे. रस्त्याचे नाव हा पालिकेचा विषय, पण परदेशाशी कोणताही संबंध हा घटनेच्या सातव्या परिशिष्टातील संघसूचीचा विषय. म्हणून पालिकेने ठराव करावा, राज्य शासनाने तो पाठवावा, आणि परराष्ट्र मंत्रालयाने संमती द्यावी, मगच सह्या व्हावयाच्या. परराष्ट्र मंत्रालयात २०१४ पासून राज्यांच्या अशा कामांसाठी एक स्वतंत्र विभागच आहे. करारात शक्यतो पैशाचे बंधन नसते. शिक्षण, आरोग्य, कचरा, पाणी, उद्याने, विद्यार्थ्यांची देवाणघेवाण अशी सदरे असतात. यातून उघड आहे की न्यासास, किंवा कोणत्याही खासगी संस्थेस, भोपाळच्या वतीने बहीण मानता येत नाही. न्यासास एवढेच करता येईल की, दोन शहरांतल्या संस्थांची, शाळांची ओळख करून द्यावी आणि महापौरांपुढे कागद ठेवावा.

कागद ठेवण्यापूर्वी भेटीदाखल काय द्यावयाचे याचाही विचार व्हावा. पुणे व कॅलिफोर्नियातले सॅन होजे यांचे नाते १९९२ पासून. पुण्याने सॅन होजेस शिवछत्रपतींचा अश्वारूढ पुतळा भेट दिला होता. २०२३ च्या आरंभी तो चोरीस गेला, आणि काही दिवसांनी तेथल्याच एका भंगारवाल्याच्या आवारात सापडला. त्यामानाने सिंहगड रस्त्यावरचे पुण्याचे उद्यान सुरक्षित आहे. जपानच्या ओकायामा शहरातील कोराकुएन या तीनशे वर्षांच्या बागेच्या धर्तीवर ते केले, २००६ मध्ये खुले झाले, आणि मैत्रीचे म्हणून बांधलेल्या त्या बागेस नाव दिले पु. ल. देशपांडे यांचे. जपानी पूल, माशांचे तळे, आणि फाटकावर पु. ल.! बाग मोकळ्या जागेवर नवीच केलेली असल्याने कोणाचे जुने नाव तिच्याखाली दबले नाही.

शेवटी पैशाची बाजू, कारण हिशेब तपासनिसांनी ती आवर्जून लिहावयास सांगितली आहे. नाते जुळो वा न जुळो, परदेशातून देणग्या येऊ लागतील, आणि तेथे २०१० चा परकीय अंशदान विनियमन कायदा लागतो. केंद्रीय गृह मंत्रालयाची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी असल्याशिवाय न्यासास परकीय देणगी घेता येत नाही. आणि २०२० च्या दुरुस्तीपासून नोंदणी असली तरी ती रक्कम प्रथम स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतील मुख्य शाखेतल्या खात्यातच यावी लागते. भोपाळच्या खात्यात थेट नको. परदेशी नागरिकत्व घेतलेल्या मुलाने पाठविलेले पैसे, त्याजजवळ ओसीआय कार्ड असले तरी, परकीय देणगीच ठरतात. ज्याने भारतीय पारपत्र ठेवले आहे त्याने आपल्या बचतीतून बँकेमार्फत पाठविलेले पैसे तशी ठरत नाहीत. तेव्हा मुलामुलींस पत्र लिहिताना देणगीची गोष्ट काढण्याआधी पारपत्र कोणत्या देशाचे आहे हे विचारून घ्यावे, आणि उत्तर लेखी स्वरूपात कोषाध्यक्षांकडे द्यावे.